लंडनचे १८८० सालचे अग्निशमन ठाणे, १:२४ – टप्पा तिसरा: आधी नियम, मग मांडणी

नाशिकच्या गटाच्या या प्रतिकृतीचा (१:२४, म्हणजे खऱ्या मापाच्या चोविसाव्या भागाएवढी) पाया, भिंती आणि वरचे दोन मजले मागच्या टप्प्यात उभे राहिले. आता आतले सामान घेतले आहे: वॉच रूम (पहाऱ्याची खोली), बंबाची खोली, होज म्हणजे पाण्याची लवचिक नळी वाळवायचा मनोरा आणि हेल्मेटच्या खुंट्या. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी लागते. त्या काळच्या ठाण्यात शोभेची वस्तू नव्हती. काय कुठे ठेवायचे, किती हाताशी आणि कोणत्या अवस्थेत, हे सेवेच्या नियमांनी ठरवलेले असे. नियम नीट कळले की अर्धी मांडणी आपोआप सुचते. ते सोडून नुसत्या छायाचित्रांवरून सामान भरले तर ठाण्याचे दुकान होते.

पार्श्वभूमी थोडक्यात. लंडनमध्ये विमा कंपन्यांची वेगवेगळी पथके होती. ती १८३३ मध्ये एकत्र आली आणि एडिनबरोत १८२४ पासून दल चालवणारे जेम्स ब्रेडवुड त्यांचे प्रमुख झाले. हाताखाली माणसे होती ऐंशी. एडिनबरोत ब्रेडवुड सुतार, गवंडी, छपरे शाकारणारे असे इमारतीचे अंतरंग ओळखणारे लोक घेत. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. १ जानेवारी १८६६ पासून मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड सुरू झाली. तिचे प्रमुख कॅप्टन आयर मॅसी शॉ १८९१ पर्यंत त्या जागी होते. शॉ यांनी भरतीची पद्धत बदलली आणि जहाजावरचे खलाशी घेतले, कारण रात्रीच्या पाळ्या, उंचीवर चढणे आणि हुकूम ऐकताच हलणे यांची त्यांना सवय असे. वय २५ च्या आत आणि छातीचा घेर किमान ३७ इंच, अशी अट होती.

ही ३७ इंचांची अट आपल्या थेट कामाची आहे. १:२४ मध्ये हा घेर ३९ मि.मी. होतो. मोटारींच्या डायोरामासाठी (लहान मापात मांडलेल्या देखाव्यासाठी) मिळणाऱ्या तयार आकृत्या अंगाने सडपातळ असतात. छातीभोवती ३९ मि.मी.ची कागदी पट्टी गुंडाळून बघा, टोके एकमेकांवर चढली तर आकृती बारीक आहे. एपॉक्सी पुट्टीचा थर आधी पाठीवर आणि खांद्यांवर द्या, पुढून शेवटी. सगळी भर पुढे घातली तर माणूस पोट सुटलेला दिसतो आणि वर गणवेशाची दुहेरी बटणपट्टी बसत नाही.

सगळ्यात मोठा नियम सततच्या ड्युटीचा. नोकरी चोवीस तासांची, परवानगीशिवाय ठाण्याबाहेर जायचे नाही, आणि घरही तिथेच. लग्न झालेल्यांची बिऱ्हाडे वरच्या मजल्यांवर असत. म्हणून वरच्या खोल्या रिकाम्या ठेवू नका, आणि त्यांना बराकीचे रूपही देऊ नका. चूल, भांडी, पाळणा, खिडकीत वाळणारे कपडे हवेत. एकट्या माणसांच्या खोलीत मात्र खाटेशेजारी गुडघ्यापर्यंतचे बूट उभे, उडी मारून पाय घालता येतील असे. बुटांची टोके दाराकडे ठेवा. एवढ्या एका तपशिलाने खोली कोणाची आहे ते बघणाऱ्याला कळते.

वॉच रूम

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा असे आमचे ठाम मत आहे. रात्रंदिवस एक माणूस इथे जागा. बदली आल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही, आलेली आगीची वर्दी वेळेसह लगेच नोंदवायची. म्हणजे मेजावर बसलेल्याला रस्त्याकडचे दार, घड्याळ आणि तारयंत्र मान फार न वळवता दिसले पाहिजे. ठाणी एकमेकांना तारेने जोडलेली होती आणि १८८० मध्ये रस्त्यांवर वर्दीचे खांबही उभे राहू लागले. आरामखुर्ची, उशी यांतले काही इथे नको.

नोंदवही फुलस्केप आकाराची धरली तर १३ × ८ इंच, म्हणजे १४ × ८.५ मि.मी. पानांना साधा कागद जाड पडतो आणि वही विटेसारखी दिसते. पातळ ओनियनस्किन कागदाची बारा पाने पुरतात. शिवण एका धाग्याची, पुठ्ठ्यावर काळे बाइंडिंग कापड. वही उघडी ठेवा आणि शेजारी दौत. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी १२ इंची, म्हणजे १२.७ मि.मी. वरच्या खोल्यांना हाक मारायच्या बोलनळ्या १ मि.मी.च्या पितळी तारेच्या. तोंडाशी तार तापवून ठोकली की कर्ण्यासारखी फाकते.

दिव्यांबाबत एक चूक फार दिसते. गॅसबत्तीची जाळी १८८० मध्ये नव्हती, तिचे पेटंट १८८५ चे. तेव्हा उघडी, पंख्यासारखी पसरट पिवळी ज्योत असे. त्यामुळे पांढरा एलईडी चालणार नाही. ०६०३ आकाराचा (सुमारे १.६ × ०.८ मि.मी.) पिवळसर उजेडाचा वॉर्म एलईडी घेऊन त्यावर अंबर ग्लास पेंटचा एक हात द्या. ५ व्होल्टच्या चार्जरवर प्रत्येक एलईडीला वेगळा ४७० ओमचा रेझिस्टर लावा, साधारण ४ मिलीअँपियर जातात आणि उजेड बेताचा पडतो. एकच रेझिस्टर लावून तीन-चार एलईडी समांतर जोडू नका. त्यांचे व्होल्टेज किंचित वेगवेगळे असते, त्यामुळे एक भगभगतो आणि बाकीचे मंद राहतात. लुकलुकणारे सर्किटही नको. दाब सारखा असला की गॅसची ज्योत शांत जळते, आणि आगीच्या ठाण्यात लुकलुकणारा उजेड आतच आग लागल्यासारखा भासतो.

होज आणि मनोरा

आगीहून परत आले की होज धुणे, टांगून वाळवणे आणि कातड्याला तेल-चरबी चोळणे ही कामे झोपेच्या आधीची. ओले कातडे गुंडाळून ठेवले तर कुजते, कोरडे पडले तर घडीवर तडकते. शिवणीचा दोरा तर कातड्याच्याही आधी कुजायचा. म्हणून फिलाडेल्फियात १८०७-०८ च्या सुमारास तांब्याच्या रिव्हेटचा होज निघाला. पुढे कॅनव्हासही आला, तरी रिव्हेटच्या रांगा लहान मापात छान दिसतात, म्हणून आपण कातडे निवडले.

माप ४० फुटी तुकड्याचे: ५०८ मि.मी. लांब, अडीच इंची व्यास म्हणजे २.६ मि.मी. मनोरा ६०० मि.मी. उंच घेतला आहे, म्हणजे साधारण ४७ फूट. पूर्ण तुकडा सरळ लोंबून वर कप्पीला जागा उरते.

चपलांच्या अस्तराचे बकरीचे कातडे घ्या, तासून अर्धा मि.मी. जाडीचे करा. पट्टी ८ मि.मी. रुंद, आणि कापायची ती पाठीच्या कण्याच्या दिशेने. पोटाकडचे कातडे ताणते, मनोऱ्यात टांगल्यावर होज पीळ घेतो. गुंडाळण्याआधी पट्टी उलटी करून एका कडेला शिंप्याचे बारीक दातांचे ट्रेसिंग व्हील दोनदा फिरवा. सुलट बाजूला टिपक्यांच्या दोन रांगा उठतात. मग मेण चोळलेल्या १.६ मि.मी. तारेवर पट्टी गुंडाळून, टिपक्यांची कड वर ठेवून रबर सोल्यूशनने चिकटवा. पांढरा फेव्हिकॉल इथे वापरू नका. त्यातले पाणी कातडे ओढून घेते, वाळताना आकसते आणि जोड उलगडतो. गोंद पुरता कडक व्हायच्या आत तार ओढून काढा. टिपक्यांवर तांब्याचा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवा. वेटोळे करायचे असेल तर आत ०.९ मि.मी.ची मऊ तांब्याची तार सारा, नाहीतर वळणावर होज चपटतो.

खऱ्या होजसारखे तेल मात्र प्रतिकृतीला लावू नये. तेलातली आम्ले होजच्या टोकांच्या पितळी जोडावर, म्हणजे कपलिंगवर, हिरवट चिकट थर आणतात. रंगहीन मेणाचा पुसटसा हात पुरे, तोही कपलिंगपासून ५ मि.मी. सोडून. नाशिकच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बंद पेटीत कातड्यावर बुरशी धरते. तळाशी सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी ठेवा आणि दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरा. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) कापलेल्या कडांना सँडिंग सीलर न लावल्यास त्याही याच दिवसांत फुगतात.

पितळ

शॉ यांनी पॅरिसच्या दलाकडे पाहून पितळी हेल्मेट आणले. अधिकाऱ्यांचे चांदीच्या मुलाम्याचे असे. ठाण्यातले पितळ घासून लखलखीत ठेवणे हे रोजचे काम होते. इथे डायोरामावाल्यांच्या हाताला लागलेली सवय सोडावी लागते: हेल्मेट, कपलिंग, बॉयलरच्या पट्ट्या यांवर मळ, गंज, काजळी काही चढवायचे नाही. झीज दाखवायची ती उंबऱ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांच्या मधोमध आणि बंबाची चाके जातात त्या फरशीवर.

तांबट लेनच्या गावात, नाशकात, पितळी पत्र्याची अडचण नाही, फक्त ०.१ मि.मी. मागा. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा, गार करा आणि जाड रबरावर ठेवून गोल डोक्याच्या पंचाने दाबा. दोन-तीन दाबांनंतर पितळ कडक होते, तेव्हा पुन्हा तापवायचे. हे टाळले की तुरा बसवायच्या रेषेवर नेमके फाटते. काळपट थर चिंचेच्या कोळाने जातो, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा, कोळ कोपऱ्यात राहिला तर आठवड्यात हिरवे डाग येतात. तुरा वेगळा कापून सॉफ्ट सोल्डरने जोडा. खुंट्या सगळ्या एका उंचीवर, प्रत्येकीवर हेल्मेट, खाली पट्टा आणि कुऱ्हाड, क्रम सारखा. अंधारातही हात चुकू नये म्हणून ही शिस्त होती.

बंबाची खोली

वाफेच्या बंबाचे तोंड दाराकडे. बॉयलरखाली गॅसची छोटी ज्योत सतत, म्हणजे पाणी गरम राहते. भट्टीत लाकडाच्या कपच्या आणि बारीक लाकूड रचून तयार, ते निघताना पेटवायचे. कामाचा दाब यायला सात ते दहा मिनिटे लागत आणि तोवर बंब रस्त्यावर धावत असे. म्हणून ठाण्यात उभ्या बंबाच्या धुराड्यातून कापसाचा धूर काढू नका. गॅसची रबरी नळी झटक्यात सुटेल अशी जोडलेली दाखवा.

शेजारी हातपंपाचा बंब. ब्रेडवुडच्या काळच्या प्रमाण बंबाला ७ इंच व्यासाचे दोन सिलिंडर, दट्ट्याची दौड ८ इंचांची. प्रत्येकी मिनिटाला ४० हापसे धरले तर ८८ गॅलन, सुमारे ४०० लिटर पाणी. हापसायला दोन्ही बाजूंना मिळून वीस-पंचवीस माणसे लागत. ती जमलेल्या गर्दीतून घेत आणि तासावर पैसे व बिअर देत. ठाण्यात याचे दांडे दुमडलेले असतात. सिलिंडरसाठी आतून ७.४ मि.मी. येईल अशी पितळी नळी कातून घ्या, नाशिकच्या अंबड औद्योगिक भागात लहान लेथवाले हे करतात.

घसरायचा खांब बसवायचा मोह होईल. बसवू नका. तो १८७८ मध्ये शिकागोत कॅप्टन डेव्हिड केनियन यांनी लाकडाचा केला, पितळी खांब बोस्टनमध्ये १८८० ला आला. लंडनचे लोक तेव्हा जिन्यानेच उतरत. बंबावर घंटाही नको. वाट मोकळी करायला माणसे इंग्रजीत ‘हाय, हाय’ (hi, hi) अशी मोठ्याने आरोळी देत.

नवशिक्यांसाठी सुटा सराव

पूर्ण ठाणे झेपणार नसेल तर फिलाडेल्फियाच्या युनियन फायर कंपनीची, म्हणजे आग विझवायला एकत्र आलेल्या सभासदांच्या संघाची, १७३६ ची बादल्या-पिशव्या ठेवायची फळी करा. बेंजामिन फ्रँकलिन तिच्या संस्थापकांत होते. करार असा: प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने कातड्याच्या दोन बादल्या आणि चार जाड कापडी पिशव्या ठेवायच्या, प्रत्येक पिशवीला किमान चार वार कापड, तोंडाशी ओढायची दोरी, वर आपल्या नावाची अक्षरे. त्या आगीखेरीज कशालाही वापरायच्या नाहीत. एक जरी कमी भरली तर पाच शिलिंग दंड. चार वार म्हणजे १५२ मि.मी. कापड. जुने, धुऊन मऊ पडलेले मलमल चहात बुडवून घ्या, नव्या कापडाची खळ घडीला उभी ठेवते.

पुढचा टप्पा घोड्यांचा. लंडनचे दल ते कंत्राटदाराकडून भाड्याने घेई. सोळा मुठींचा (एक मूठ ४ इंचांची) घोडा खांद्याशी ६८ मि.मी. भरतो. १:२४ म्हणून विकले जाणारे घोडे बहुधा शर्यतीच्या अंगाचे असतात, त्यामुळे घेताना उंचीबरोबर छातीची रुंदी आणि खुरांवरचा घोटाही मोजा. जोडीतली दोन्ही जनावरे एकाच साच्यातली असतील तर एकाची मान कापून थोडी वळवावी लागेल, तेव्हा पोकळ प्लास्टिकपेक्षा भरीव रेझिनचे बरे.