अंड्यात उतरलेलं औषध

औषध दिलेल्या कोंबडीचं अंडं किती दिवसांनी खायला चालेल, असं विचारलं की गावोगाव एकच उत्तर मिळतं: "औषध बंद केलं की दोन दिवसांनी." ते चूक आहे. का, ते अंडं कसं बनतं हे पाहिल्यावर लगेच कळतं.

अंड्याचा पांढरा बलक तीन-चार तासांत चढतो आणि कवचाला साधारण 20 तास लागतात. पिवळ्या बलकाचं तसं नाही. अंड्यावरची कोंबडी कापली की आत ज्वारीच्या दाण्यापासून पुऱ्या वाढलेल्या बलकापर्यंत चढत्या आकाराची रांग दिसते. रांगेतला प्रत्येक बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत भराभर भरतो. रक्तातून त्यात चरबी आणि प्रथिनं येतात, त्यांच्यासोबत औषधही येतं. आज डोस दिला, तर आठ दिवसांनी टोपलीत येणाऱ्या अंड्याच्या बलकात ते आजच उतरायला लागतं. औषध बंद केल्यावर कोंबडीचं रक्त लवकर साफ होतं, पण भरून ठेवलेला बलक साफ होत नाही. तो अंडं होऊनच बाहेर येतो. आणि उकडल्यानं सगळं जातं यावरही विसंबू नका. एन्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक उष्णतेला टिकतं, उकडा की तळा.

कायद्यात यासाठी आकडे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दूध, अंडी आणि मटण देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल पिरियड छापावा लागतो. शेवटच्या डोसनंतर किती दिवस माल विकायचा नाही, ते तिथं लिहिलेलं असतं. कंपनीनं तो काळ तपासून ठरवलेला नसेल, तर अंडी-दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरायचे. बलकाचं वरचं गणित पाहता चरबीत विरघळणाऱ्या औषधांना 7 दिवस तोकडे पडतात असं माझं मत आहे. लेबल गप्प असेल तर अंड्यांसाठी 14 दिवस धरा.

28 दिवसांचा अर्थ ब्रॉयलरवाल्यांनी नीट समजून घ्यावा. पक्षी 40 दिवसांचा झाला की गाडी लागते. 40 मधून 28 गेले, उरले 12. ज्या औषधाला स्वतःचा कमी काळ छापलेला नाही, ते बाराव्या दिवसानंतर दिलं की ती बॅच वेळेवर विकताच येत नाही. प्रत्यक्षात मर लागते ती तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, आणि बाटलीही तेव्हाच उघडते. आखाडात भाव चढलेला असतो, श्रावण तोंडावर आलेला असतो, त्यामुळे औषधावरचा पक्षीही काट्यावर चढतो. बाटली उघडल्यावर दिवस मोजत बसण्यापेक्षा ती उघडायची गरज होती का, हे आधी विचारायला हवं. बहुतेक वेळा नव्हती.

आपल्याकडे गावरान कोंबड्यांची सगळ्यात मोठी मर लागते मानमोडीनं, म्हणजे रानीखेतनं. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, लुळा पडलेला पाय किंवा पंख, आणि जगलेल्या पक्ष्याची मान पिळवटलेली. डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडला की पेठ्याच्या अलीकडच्या मऊ जठरात ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके दिसतात. हा विषाणू आहे. जगातलं एकही अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही. तरी लातूर असो की हिंगोली, मानमोडीच्या कळपाला पहिल्या दिवशी मिळतं ते एन्रोफ्लॉक्सासिनच. पक्षी मरायचे ते मरतात आणि वाचलेल्यांच्या अंड्यांत औषध राहतं.

मानमोडीवर इलाज लसीचाच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची सौम्य लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गम्बोरो या दुसऱ्या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, ही पाण्यातून चालते. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, हीही मानमोडीचीच लस, अर्धा मिली कातडीखाली. आधी लासोटा झालेली नसेल तर आर-टू-बी टोचू नका, ही लस जहाल असते आणि कोवळी पिल्लं तिनंच आजारी पडतात.

लस देऊनही मर लागली की "लस बोगस होती" असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा लस चांगली असते, ती वाटेत मरते. मे महिन्यात 42 अंशांत तालुक्याहून खिशात आणलेल्या कुपीत जिवंत विषाणू उरत नाही. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. पाण्यातून द्यायची तर ब्लीचिंग पावडर टाकलेलं नळाचं पाणी वापरू नका. प्रत्येक लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळा, मग लस. पाणी किती, याचा ठोकताळा सोपा आहे: पक्षी जितक्या दिवसांचे, तितके लिटर दर हजार पक्ष्यांना. 28 दिवसांच्या 100 पिल्लांना तीन लिटर पुरे. त्याआधी तासभर पाणी काढून ठेवा, उन्हाळ्यात त्याहून जास्त नको, आणि हे काम उजाडताच करा. कालवलेली लस दोन तासांच्या आत संपली पाहिजे. कुपी 100 किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि घरी कोंबड्या पंधरा, म्हणून लस राहून जाते. दहा घरांनी एकच दिवस ठरवला की हा प्रश्न उरत नाही.

देवीचंही असंच. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या येतात, डासांमार्फत पसरते, बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. खपलीत पू झाला नसेल तर अँटिबायोटिकचं काम नाही.

औषध खरंच लागतं ते रक्ती हगवणीत. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं, पंख फुगवून कोपऱ्यात बसलेली, विष्ठेत रक्त, आणि खाली ओलं तूस. ॲम्प्रोलियम 20 टक्के पावडर लिटरला 0.6 ग्रॅम, पाच दिवस. इथं एक चूक वारंवार होते: अशक्तपणा आला म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक दिलं जातं. ॲम्प्रोलियम त्या जंतूला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. टॉनिकमधून तेच जीवनसत्त्व दिलं की औषध निकामी होतं. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या. आणि तूस बदला. मुठीत दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. औषधावरच्या पक्ष्यांची विष्ठाही त्याच तुसात पडते, पक्षी ते टोचत राहतात आणि बंद केलेलं औषध थोडंथोडं पुन्हा पोटात जातं. शेवटचा डोस झाला की वरचा थर काढा आणि टाकी, पाइप, निपल धुऊन घ्या. कोर्स संपल्याचा दिवस टाकी धुतल्यापासून मोजा.

डोस चुकतो तो उन्हाळ्यात. एन्रोफ्लॉक्सासिन 10 टक्के, दोन लिटर पाण्याला 1 मिली, हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. दीड किलोचे 100 पक्षी हिवाळ्यात दिवसाला साधारण 30 लिटर पाणी पितात. म्हणजे 15 मिली औषध, किलोमागे 10 मिलीग्रॅम. हिशोब बरोबर बसतो. मे महिन्यात तेच पक्षी 60 लिटर पितात. प्रमाण तेच ठेवलं की 30 मिली पोटात जातं, दुप्पट. म्हणून आधी पक्ष्यांच्या वजनावरून दिवसाचं औषध काढायचं आणि ते दिवसाच्या पाण्यात वाटायचं. अंड्यावरच्या कोंबडीला मात्र हे औषध देऊच नका. युरोपात तशी मनाई लेबलवरच असते, आणि अमेरिकेनं 2005 मध्ये कोंबड्यांसाठी त्याची मान्यताच काढून घेतली.

दुसरी अडचण आपल्या बोअरच्या पाण्याची. घागरीच्या तळाला पांढरा थर धरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक त्यांना चिकटतं आणि आतड्यातून रक्तात जात नाही. "औषध लागू पडेना" म्हणून डोस दुप्पट होतो. अशा गावात हे औषध पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा आरओच्या पाण्यात द्या.

दुकानात जुन्या साठ्यातली कोलिस्टिनची पुडी पुढं केली तर परत करा. माणसांवर शेवटचा उपाय म्हणून ते राखलेलं आहे, आणि 2019 पासून देशात कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या फ्युराझोलिडोनसारख्या औषधांनाही अंडी-मांसाच्या पक्ष्यांत जागा नाही.

पाच-दहा पक्षी आजारी असतील तर सगळ्या कळपाच्या पाण्यात औषध टाकू नका. आजारी वेगळे काढा, पायात रंगीत दोरा बांधा, औषध त्यांनाच थेट चोचीत द्या. शेवटच्या डोसची तारीख आणि अंडी विकायला मोकळी होण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. मधल्या काळातली अंडी पुरून टाका. घरच्या पोरांना नाही, कुत्र्यालाही नाही.

आजार ओळखता येत नसेल तर नुकताच मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत बांधून, बर्फावर ठेवून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांची तपासणी नीट होत नाही. पक्षी असा नेण्याला एकच अपवाद आहे. एका रात्रीत कळपातले बरेच पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे मरून पडले, तर पक्षी उघडू नका, हलवूही नका. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात आणि जानेवारी 2025 मध्ये उदगीरच्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने तेच घेतात आणि भोपाळच्या प्रयोगशाळेला पाठवतात. भरपाई सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. कळवायला उशीर झाला की तेवढे पक्षी भरपाईतून जातात.