ऑक्सिजन सेन्सर स्वतः बदलू का? तुम्ही विचारलंत म्हणून

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड आला. आता स्वतः बदलू की गाडी मेकॅनिककडे टाकू? हे मला नेहमी विचारलं जातं. मी एक सेन्सर स्वतः बदललाय, एकासाठी मेकॅनिकला पैसे मोजलेत. दोन्हींची खंत नाही. खंत आहे ती तिसऱ्याची, जो बदलायची गरजच नव्हती.

कोड होता पी ०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. आतला झिर्कोनिया या सिरॅमिकचा भाग साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून तिथे हीटर असतो. मी ‘सेन्सर’ एवढाच शब्द वाचला आणि नवा आणून बसवला. दिवा पुन्हा हजर! फ्यूज उडाला होता. काढलेल्या सेन्सरच्या हीटरच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला, तर बिचारा व्यवस्थित रेझिस्टन्स दाखवत होता.

तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी फ्यूज, कनेक्टर आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपातली गळती बघतो. सेन्सरच्या आधी गळती असली की बाहेरची हवा आत येते, सेन्सर इमानदारीत ‘ऑक्सिजन जास्त आहे’ म्हणतो आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो. पी ०४२० आला म्हणून मागचा सेन्सर बदलणारेही पुष्कळ. तो कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, नीट काम करत नसल्याचा असतो. बऱ्याचदा मागचा सेन्सर फक्त चहाडी करत असतो.

जो मी स्वतः बदलला तो बॉनेट उघडताच समोर दिसत होता. इंजिन कोमट, आट्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलेलं, आणि वायर बाहेर राहावी म्हणून बाजूने चीर असलेला २२ मिमीचा सॉकेट. साधा सॉकेट वायरीमुळे चढतच नाही. नवा आधी हातानेच फिरवून बसवला. आट्यांना लावायची पेस्ट बऱ्याच नव्या सेन्सरना कंपनीतूनच लावलेली येते. नसेल तर फक्त आट्यांना लावा, टोकाला बोटसुद्धा नको. कनेक्टरमध्ये ग्रीसही नको. कित्येक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच आत घेतात.

मागचा सेन्सर मात्र गाडीखाली, कन्व्हर्टरच्या पलीकडे, गंजून पाइपाशी एकजीव झालेला. स्टँडवरच्या गाडीखाली उताणं पडून जोर लावायला जागाच नसते. तेल मारलं, इंजिन तापवलं, पाना दोनदा घसरला, सेन्सर ढिम्म. षटकोनाच्या कडा गोल व्हायला लागल्या तेव्हा मुकाट्याने थांबलो.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, भोवतालचा भाग गॅसने लाल केला आणि लांब दांडीने एक हिसका दिला. सेन्सर निघाला, पण पाइपातल्या आट्यांचा चुरा घेऊन. मग त्याने एम १८ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ केले. आटे पुरतेच गेले असते तर नवा बंग, म्हणजे सेन्सर बसतो ती आट्यांची कडी, वेल्ड करावा लागला असता. माझ्याकडे ना गॅस, ना टॅप, ना वेल्डिंग.

जुना सेन्सर माझ्या हातात देत त्याने गोल झालेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “किती वेळ झटत होतात?”

मी म्हटलं, “थोडाच.”