जीवाणूला थंडी कळते कशी?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो हे समजले, की हमखास विचारला जाणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: जीवाणूला ना त्वचा, ना मज्जातंतू, मग अचानक गारठा पडल्याचे त्याला कळते कसे? विद्यार्थिदशेत माझी समजूत अशी होती, की पेशीत एखादे तापमापक प्रथिन असणार आणि तेच योग्य जनुक सुरू करत असणार.

३७ अंश सेल्सिअसला जोमाने वाढणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा चंबू १० अंशांच्या पाण्यात ठेवला, की द्रवाचा गढूळपणा वाढायचा थांबतो. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा दर अर्ध्या तासाला तोच आकडा पाहून ‘जीवाणू मेले’ असे मी वहीत लिहूनही टाकले होते. सुमारे चार तासांनी वाढ पुन्हा सुरू झाली आणि ती ओळ खोडावी लागली.

त्या चार तासांत पेशी स्वस्थ बसलेली नसते. जनुकांतील संदेश वाहून नेणाऱ्या आरएनए या रेणूचे धागे थंडीत स्वतःवरच घट्ट दुमडतात, त्यांच्या गाठी सुटत नाहीत आणि प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमना संदेश वाचता येत नाही, त्यामुळे बहुतेक प्रथिनांचे उत्पादन मंदावते. अशा वेळी जेमतेम ७० अमिनो आम्लांचे ‘सीएसपीए’ हे प्रथिन मात्र भराभर तयार होऊ लागते. गंमत अशी, की त्याचा संदेशवाहक आरएनए ३७ अंशांनाही बनतच असतो; पण तिथे त्याचे अर्धायुष्य असते काही सेकंदांचे, तर थंडीत तो कित्येक मिनिटे टिकतो. शिवाय त्याच्या सुरुवातीचा १५९ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या धाग्यातील दुव्यांचा) लांबलचक भाग थंडीत वेगळ्या घडीत बसतो आणि रायबोसोमला वाट मोकळी होते. म्हणजे येथे तापमापक वेगळा नाहीच; संदेश हाच तापमापक आहे. मला हे आजही विलक्षण वाटते.

तयार झालेले सीएसपीए इतर आरएनएच्या गाठी सैल करते, ‘आरएनेज आर’ हे विकर (एन्झाइम) गुंतलेल्या धाग्यांची विल्हेवाट लावते, आणि गुंता सुटत गेला की सीएसपीएचे स्वतःचे उत्पादनही ओसरते.

माझी जुनी समजूत अगदीच वाया गेली असे मात्र नाही. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या पेशीभोवतीच्या मेदयुक्त पटलात ‘डेस-के’ नावाचे प्रथिन असते. थंडीने पटल ताठर व जाड झाले, की ते जोडीदार ‘डेस-आर’मार्फत एक जनुक सुरू करते, आणि त्या जनुकाचे विकर मेदाम्लांत दुहेरी बंध घालून पटल पुन्हा प्रवाही करते.