संदकफूची पहाट: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरच्या संदकफूला (३,६३६ मीटर) फोटोसाठी जायचं तर नोव्हेंबर उत्तम. एप्रिलमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो, पण तेव्हा शिखरं बहुधा धुरकट हवेत हरवलेली असतात. फुलं हवीत की कांचनजंगा, हे निघण्याआधीच ठरवा.

मानेभंजनहून तुमलिंग, कालीपोखरीमार्गे वर साधारण ३१ किलोमीटर. गाडीने गेलात तर हादऱ्यांनी ट्रायपॉडच्या हेडचे आणि प्लेटचे स्क्रू ढिले होतात. पोहोचल्याबरोबर ॲलन कीने आवळून घ्या. पहाटे अंधारात, हातमोजे घालून ते जमत नाही. वर दोन रात्री तरी काढा. एकच पहाट हाती ठेवून येणारे बरेच जण फक्त ढग बघून उतरतात.

सूर्योदय पावणेसहा ते सहाच्या दरम्यान होतो, पण शिखरांवर ऊन त्याच्या काही मिनिटं आधीच येतं. पाच वाजता ट्रायपॉड उभा हवा. कांचनजंगा इथून ६५-७० किलोमीटर लांब आहे. वाइड लेन्समध्ये तिची नुसती पांढरी रेघ उरते. कुंभकर्ण शिखरापासून पांडिम शिखरापर्यंतचा ‘निद्रिस्त बुद्ध’ (ही रांग आडव्या झोपलेल्या बुद्धासारखी दिसते) साधारण २० अंशांत मावतो, म्हणजे फुल फ्रेमवर ८५ मिमी, लहान क्रॉप सेन्सरवर ५५ मिमी लेन्स. एव्हरेस्ट वायव्येला, जवळजवळ दुप्पट अंतरावर. त्याला ३०० मिमी तरी लागते. (एव्हरेस्टच्या बाजूला सगळ्यांत थोराड दिसतो तो मकालू, कारण तो जवळ आहे. त्यालाच एव्हरेस्ट समजू नका, फोटोखाली नाव टाकताना जपून.) कांचनजंगेवर ऊन उजव्या बाजूने येतं, म्हणून कडे आणि घळी उठून दिसतात, एव्हरेस्टवर ते जवळपास समोरून पडतं, रंग छान पण खोली कमी. पहिली दहा मिनिटं कांचनजंगेलाच द्यावीत.

अंधारात ऑटोफोकस भरकटतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून एखाद्या ताऱ्यावर मॅन्युअल फोकस करा. रिंग टोकापर्यंत फिरवू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर शिखरांवरची लाली धुऊन निघते, म्हणून ५५०० केल्विनला पक्का करा आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. फसवतो तो लाल रंग. साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं आणि बर्फावरचा लाल चॅनल मात्र फुटलेला असतो, म्हणजे त्यातले बारकावे गेलेले असतात. तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने) कमी ठेवा. दरीचा अंधार नंतर उचलता येतो.

वारा असेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण खाली घ्या. बॅग लटकवायची तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर झुलणारी बॅगच फोटो हलवते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात. लेन्सवर दहिवर धरलं तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. ब्लोअर वापरा.

सूर्योदयाला समोर ढगांची भिंत असली तरी निदान तासभर थांबा. ऊन तापेपर्यंत ढग कधी खाली दरीत बसतात आणि वर रांग मोकळी होते. पुढे सकाळ चढली की तेच ढग वर येतात. मग जेवून घ्यावं, संध्याकाळी पुन्हा बघावं.

खोलीत शिरण्याआधी, बाहेर थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. उबेत उघडा नेलात तर लेन्सच्या आतही दव धरतं. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघण्याच्या उतावळेपणात पिशवी लवकर उघडली जात नाही.