शिफ्टर मिळतो हो, रॉड मिळत नाहीत

आज पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला जाऊन आलो, एप्रिलचं स्वॅप मीट. जुन्या गाड्यांच्या पार्ट्सची जत्राच ती, पाय दुखेपर्यंत फिरा आणि तरी निम्मं बघायचं राहतंच. थोडं पुढे गेलं की कुठल्या तरी टेबलावर हर्स्ट कंपनीचा शिफ्टर (गिअरची दांडी आणि तिच्या खालची यंत्रणा, तिथून रॉड गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत जातात), क्रोमची दांडी वर करून पडलेला आणि त्याला बांधलेली चिठ्ठी, जीएम 64 ते 72, म्हणजे जनरल मोटर्सची 1964 ते 1972 ची गाडी. बस्स. कुठली गाडी, कुठला गिअरबॉक्स, दोन सीटमधला कन्सोल होता की नव्हता, काही पत्ता नाही. विचारलं तर विकणारा म्हणतो, अरे हर्स्ट आहे, बसेल. कसा बसेल बाबा? दांडीवर नाव कोरलंय म्हणून?

हर्स्टबद्दल तक्रार नाही हां माझी. वॉर्मिन्स्टर म्हणजे आमच्याच पेनसिल्व्हेनियातलं गाव, तिथे त्यांचं काम चालायचं, आणि 1964 च्या जीटीओपासून पाँटिअॅकने त्यांचा शिफ्टर फॅक्टरीतूनच द्यायला सुरुवात केली. पण म्हणूनच तर घोळ आहे ना, फोर्डला हर्स्ट, डॉजला हर्स्ट, शेव्हीला (शेव्हरोलेला) हर्स्ट, आणि वर दुकानातून नंतर घेऊन बसवलेले हर्स्टचे कॉम्पिटिशन प्लस वेगळेच. नावावरून काहीच कळत नाही.

माझं मत पक्कं झालंय, दांडीकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी गाडीखाली शिरायचं आणि गिअरबॉक्सचं साइड कव्हर बघायचं. बोल्ट मोजायचे. नऊ असतील तर बोर्ग वॉर्नर टी-10 गिअरबॉक्स. सात असतील तर मन्सी नाहीतर सॅगिनॉ, दोन्ही जीएमचे, मग रिव्हर्सचा लिव्हर कुठे आहे ते बघायचं, मन्सीत तो मागे टेल हाउसिंगमध्ये असतो आणि सॅगिनॉत तिन्ही लिव्हर कव्हरवरच एका ओळीत. फोर्डच्या टॉपलोडरला झाकणच वरून, त्यामुळे त्याचे तिन्ही लिव्हर थेट केसच्या बाजूला. एवढं टॉर्च मारून कळतं, त्याला पुस्तक लागत नाही. मन्सीचा शिफ्टर सॅगिनॉवर लावायला गेलात तर रिव्हर्सचा रॉड भलतीकडेच जातो.

माझी गाडी 69 ची शेव्ही कॅमरो. मागच्या महिन्यात तारेचा ब्रश घेऊन केसवरचा पन्नास वर्षांचा चिखल आणि ऑइलची खरवड काढत बसलो होतो, आधी कास्टिंग नंबर दिसला 3925660, म्हणजे 68 ते 70 मधली केस, आणि मग पुसता पुसता खाली ठोकलेला कोड आला, पी9डी14बी. पी म्हणजे इंडियानातला मन्सीचा कारखाना, 9 म्हणजे 1969, डी म्हणजे एप्रिल, आणि 14 ही तारीख. 14 एप्रिल! जयंतीच्या दिवशी इंडियानात कुणीतरी माझा गिअरबॉक्स जोडत होता. शेवटचा बी म्हणजे मन्सीचा एम21 प्रकार, क्लोज रेशो (गिअरची गुणोत्तरं जवळजवळ), पहिला गिअर 2.20. हे शेवटचं अक्षर 69 पासून यायला लागलं, ए असेल तर एम20 आणि सी असेल तर ती एम22, टोपणनाव रॉक क्रशर, जिच्यासाठी लोक किडनी विकायला तयार असतात.

तर गिअरबॉक्स गाडीच्या वर्षाचाच निघाला, जीव भांड्यात पडला. पण आधीच्या मालकाने लावलेले रॉड कुठल्या गाडीचे होते ते देव जाणे. तिसरा टाकला की दांडी कन्सोलच्या कडेला घासायची.

69 हे वर्षच जरा अवघड आहे. 68 पर्यंत कॅमरोला मन्सीचाच शिफ्टर यायचा, 69 ला हर्स्ट आला. त्याच वर्षी साइड कव्हरचे शाफ्ट बदलले, आधी शाफ्टला आटे असायचे आणि लिव्हर नटने कसायचा, आता शाफ्टला भोक आणि लिव्हर बोल्टने. म्हणजे 68 चे लिव्हर 69 ला लागत नाहीत. आणि त्याच वर्षी स्टेअरिंग कॉलमला लॉक आलं, त्यासाठी रिव्हर्सपासून वर कॉलमपर्यंत एक जोडणी जाते, रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी निघत नाही. ही जोडणी बहुतेकांनी कधीच काढून फेकलेली असते, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) लावायला जागा पाहिजे म्हणून. मला ती परत लावायचीय, घरच्यांना ते खुळं वाटतं, वाटू दे.

आणि एवढं जुळलं तरी शेव्हीच्याच शेव्हेल गाडीचे रॉड कॅमरोला नाहीत, ब्रॅकेट नाही, कारण शिफ्टर फ्लोअरमधून वेगळ्या जागी वर येतो. दांडीसुद्धा कन्सोलवाल्या गाडीची वेगळी आणि बिनकन्सोलची वेगळी, बाक वेगळा. दुकानातून घेतलेल्या कॉम्पिटिशन प्लसची दांडी दोन बोल्टवर असते, फॅक्टरीतून आलेल्या बऱ्याच हर्स्टमध्ये ती आत सरकवून स्प्रिंगच्या क्लिपने अडकवलेली, त्यामुळे नुसती दांडी घेतानाही खालचं टोक बघायचं. चकचकीत वरचं टोक बघून पैसे देणारे आज भरपूर दिसले.

कोल्हापूरचे मामा मध्येच व्हिडिओ कॉलवर आले, त्यांची अर्धी हयात फियाट आणि अॅम्बेसेडरखाली गेली, स्टेअरिंगला गिअर असलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेका, रॉड रॉड करतोयस, आधी बुश बघ, बुश गेला की नवीन रॉडपण जुन्यासारखाच वागतो." खरंय त्यांचं. माझ्या शिफ्टरचे, रॉड जिथे अडकतो तिथले नायलॉनचे बुश भुगा झालेत, हर्स्टवाल्यांना लोखंडी मिळतात, ते मी आधीच मागवलेत. मामांना लोखंडी म्हटल्यावर पटलं नाही, आवाज करतील म्हणाले.

आज फक्त एक मिळालं. मित्राची 69 कॅमरो अजून कुणी हात न लावलेली आहे, तिचे तिन्ही रॉड मी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने गिरवून घेतले होते आणि तोच पुठ्ठा बगलेत मारून फिरत होतो, लोक हसत होते. एका कोपऱ्यातल्या बादलीत गंजके रॉड पडले होते सुटे, एकेक काढून पुठ्ठ्यावर ठेवत गेलो, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा रॉड बाकासकट रेषेवर बसला. चिंधीने पुसला तर त्यावर ठोकलेला नंबर पण मित्राच्या रॉडचाच. विकणाऱ्याने बादलीच्या भावातच दिला, त्याला कशाला सांगा.

एक-दोनचा जुनाच बरोबर आहे, तो गिरवलेल्या रेषेवर बसतो. रिव्हर्सचा राहिला, तो आता हर्शीच्या स्वॅप मीटला ऑक्टोबरमध्ये शोधेन नाहीतर नवीन बनावटीचा घेईन, बघू. उद्या सकाळी शिफ्टर वर्कबेंचवर लावून न्यूट्रलमध्ये पाव इंचाचा ड्रिल बिट उलटा घालायचा, अलाइनमेंट पिनऐवजी चालतो तो, आणि मग रॉडचं बटण फिरवत फिरवत असं आणायचं की जोर न लावता लिव्हरच्या भोकात गेलं पाहिजे. जोर लागला तर एक आटा मागे.