पहिल्यापासूनच कोरडी

माई सहज बोलून गेली. भांडण नव्हतं, टोमणाही नव्हता. पोहे वाढता वाढता म्हणाली, "तू पहिल्यापासूनच कोरडी गं." सह्या करून आम्ही नुकतेच परतलो होतो. बाकीच्यांचे डोळे लाल आणि मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होते. म्हणजे पुरावा तिच्याच बाजूने.

कोरडी म्हणाली त्याचं काही नाही. पन्नाशीला आलं की थोडेफार सगळेच सुकतात. पण पहिल्यापासून? हिला काय माहीत?

दुपारी वर्गासाठी शेरघाटीच्या अशनीचं टिपण काढायला बसले. मंगळावरून आलेला हा दगड 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळ पडला, साधारण पाच किलोचा. मंगळावरचा कशावरून, ते मुलं दरवर्षी विचारतात. अंटार्क्टिकात सापडलेल्या त्याच्या एका जातभाईच्या काचेत अडकलेला वायू नासाच्या व्हायकिंग यानांनी 1976 मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, एवढं सांगितलं की गप्प बसतात. मला तो दगड कधी हाताळायला मिळालेला नाही. माझ्याकडे आहे ती लोणारच्या बेसॉल्टची स्लाइड, काचपट्टीवरचा पातळ काप. सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड निकॉलखाली, म्हणजे एकमेकांना आडव्या ध्रुवीकरण-गाळण्यांमध्ये, ठेवून मंच फिरवला की पायरॉक्सिन हे खनिज रंग बदलत राहतं, पण प्लॅजिओक्लेज या दुसऱ्या खनिजाच्या काही पट्ट्या काळ्याच्या काळ्याच. आकार अजून स्फटिकाचा, आतून मात्र काच झालेली. आघाताने घडलेलं मॅस्केलिनाइट. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं शेरघाटीतच, 1872 मध्ये व्हिएन्नाचा खनिजशास्त्रज्ञ चेर्माक याच्याकडून.

दिसतं त्यातलं बरंचसं नंतर घडलेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवते. माईला कोण शिकवणार?

अख्खा दगड दळून पृथक्करण केलं तरी मूळ शिलारस हाती लागत नाही. आधी तयार झालेले पायरॉक्सिनचे स्फटिक शेरघाटीत साचलेत. दगडाचा सुमारे 70 टक्के भाग पायरॉक्सिनच, त्यामुळे बेरीज त्यांच्या बाजूला झुकते. म्हणून एकेका स्फटिकात शिरावं लागतं. गाभ्यात मॅग्नेशियम जास्त, कडेकडे येताना लोह वाढत जातं. गाभा खोलवर सावकाश वाढलेला, कड वर आल्यावर घाईत थंड झालेली. 17 कोटी वर्षांपूर्वीची घाई, पण अजून वाचता येते.

आणि हा दगड कोरडा आहे. चांगलाच कोरडा. मात्र 2001 मध्ये मॅक्स्वीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की याच पायरॉक्सिनमध्ये लिथियम आणि बोरॉन गाभ्यापेक्षा कडेला कमी आहे. खोलवर दाबाखाली पाणी शिलारसात विरघळून राहतं. रस वर यायला लागला, दाब उतरला, की ते निसटतं आणि जाताना लिथियम-बोरॉन बरोबर नेतं. त्यांचा अंदाज असा की गाभा घडत होता तेव्हा त्या रसात सुमारे 1.8 टक्के पाणी असावं. वरपर्यंत पोचेतो ते उडून गेलं.

हे टिपणात उतरवताना माझा गळा दाटून आला. स्टाफरूममध्ये, शेजारी कुणी डबा खात असताना. किती बावळटपणा! पण वाटलं, माझंही वाटेतच गेलं असेल. बाबांच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात मी... ते जाऊ दे. माई तेव्हा तिकडे होती, तिने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. आणि कड तेवढी सगळ्यांना दिसते.

मग पुढचे शोधनिबंध उघडले आणि उमाळा ओसरला. लिथियम स्फटिकातून फार झपाट्याने सरकतं, म्हणे. दगड थंड होतानाही त्याची फिरवाफिरव होऊ शकते, तेव्हा आजचा उतार मूळचाच हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे पायरॉक्सिनमध्ये कोंडून गोठलेले रसाचे थेंब. त्यांत अ‍ॅम्फिबोल सापडतं, पुस्तकी हिशेबाने पाणी धरणारं खनिज. ते 1994 मध्ये मोजलं, तर अपेक्षेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकंच पाणी निघालं. साक्षीदार फितूर! त्याचंही समर्थन आहेच: हायड्रोजन नंतर निसटला असेल, किंवा तसलं अ‍ॅम्फिबोल पाण्यावाचूनही घडू शकतं.

म्हणजे माझ्या वकिलीला दाखला काही मिळेना. कोंडलेल्या थेंबातही कोरडंच निघालं तर? नुसत्या विचारानेच हसू आलं. तशी शाळेतही मी निरोपसमारंभात उरलेल्या वेफर्सचा हिशेब लावत होते. माईच तेव्हा ढसाढसा रडत होती आणि तिच्या वाटचे वेफर्सही मीच खाल्ले.

अ‍ॅपटाइटवाले अजून खणतायत. अ‍ॅपटाइट म्हणजे फॉस्फेटचं एक खनिज, त्यात क्लोरीन, फ्लोरीन आणि पाणी एकाच जागेसाठी भांडतात, त्यावरून रसातलं पाणी मागे मागे मोजत जायचं. पाणी अगदीच नव्हतं असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही, वाद आहे तो किती होतं याचा. सोमवारी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणारच, "मॅडम, मग पाणी होतं की नव्हतं?" होतं, म्हणणार. किती ते तुम्ही पीएचडीला शोधा. आणि हजेरी घ्यायला लागणार.