तुम्ही विचारलंत म्हणून : ऊसतोडीच्या कोप्यांवर आम्ही आधी काय करतो

पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यालगतच्या उपकेंद्रात मी आरोग्यसेविका आहे. बीड, जालना, परभणीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या, की तुम्ही आधी लस देता की तपासणी करता, असे मला नेहमी विचारले जाते. आधी आम्ही टोळीच्या कामाची वेळ विचारून घेतो.

नवरा-बायको अंधारातच उसाच्या फडावर जातात आणि दिवसभर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, तान्ह्या भावंडाला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण असते. लशीनंतर ताप आला तर काय करायचे, हे आईलाच सांगायला हवे. पण तिला कामावरून बोलावले तर खाडा पडतो, आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर असताना तो कोणाला परवडणार? म्हणून पहिली भेट संध्याकाळी, आशाताईंना बरोबर घेऊन आणि लशींच्या डब्याविना. पाच वर्षांखालील मुले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांची यादी करणे, एवढेच त्या दिवशीचे काम.

माता-बाल संरक्षण कार्ड बहुधा गावी सासूच्या पेटीत राहिलेले असते. तेव्हा तिथल्या तिथे फोन लावून कार्डाचा फोटो मागवतो. तो न मिळाल्यास डाव्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयरोगाविरुद्धच्या लशीचा) व्रण पाहतो आणि आईला किती आठवते ते विचारतो. नोंदही नाही आणि आठवणही नाही, तर लस दिलेली नाही असे धरून ती वयानुसार द्यायची. मात्र डोस चुकले म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, राहिलेले डोस पुढे चालू ठेवायचे असतात. गणपतीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाला सहाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट (पाच आजारांविरुद्धची एकत्रित लस) गावी मिळाली, तरी दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची इथेच द्यावी लागते. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की ४ तासांत संपवावी लागते. त्यामुळे विखुरलेल्या कोप्यांवरची मुले एका वेळी एकत्र आणणे भागच असते. कारखान्याच्या यार्डात वाहनांची रांग लागून तोड थांबली, की मुकादमाचा फोन येतो आणि आम्ही सत्र लावतो. शासकीय वेळापत्रकात असा दिवस कुठे बसवायचा, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

गरोदर स्त्रीला मी आधी विचारते, की प्रसूती हंगामात येते की पट्टा पडल्यानंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर. इथे असेल तर रुग्णालय आणि गाडी आताच ठरते. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस घ्यायची आहे आणि ती चहाबरोबर घ्यायची नाही, हे दर भेटीत पुन्हा सांगावे लागते, कारण कोपीवरचा दिवस चहावरच निघतो. अंगावरून पांढरे जाणे आणि पाळीचा त्रास हे प्रश्न मात्र मुकादम आसपास नसतानाच विचारायचे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. माझे मत असे, की यातील कितीतरी दुखण्यांवर कोपीवरच वेळेत औषध मिळाले असते, तर गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत गेलीच नसती.

मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष आहे आणि हंगामात आलेली माणसे त्यात धरलेली नसतात. म्हणून लशींची आणि गोळ्यांची वाढीव मागणी मी दसऱ्यापूर्वीच नोंदवते. पट्टा पडण्याच्या आधी प्रत्येक मुलाचे कार्ड भरून आईच्या हाती देते आणि पुढच्या डोसची तारीख तिच्या गावच्या सेविकेला फोनवर कळवते.